मूल अंथरुणात लघवी करतंय? रागावण्याआधी कारण बघा

सहा-सात वर्षांचं पोरगं सकाळी ओल्या अंथरुणातून उठतं आणि घरात पहिला शब्द ऐकतं तो 'आळशी'. कुठं मार बसतो, कुठं भावंडं चिडवतात. पण झोपेतली लघवी मूल मुद्दाम करत नाही. मूत्राशय भरलं की मेंदूला निरोप जाऊन जाग यावी लागते. काही मुलांत ही सवय उशिरा लागते. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीरात एक संप्रेरक असतं, तेही काहींना कमी पडतं. पाच वर्षांपर्यंत डॉक्टर याला आजार म्हणतच नाहीत.

यात आनुवंशिकताही आहे. आई किंवा बापाला लहानपणी हा त्रास असेल, तर 100 पैकी 40 च्या आसपास मुलांना तो होतो. दोघांनाही असेल तर 70 च्या वर. बाप फारच ओरडत असेल तर आजीला विचारावं, खरं काय ते ती सांगेल.

एक कारण मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही, ते म्हणजे बद्धकोष्ठ. मळानं भरलेलं आतडं मूत्राशयाला दाबतं, मग त्यात लघवी मावत नाही. त्यात शाळेतला संडास घाण किंवा बिनपाण्याचा. मुली तर दिवसभर लघवी दाबून धरतात, पाणीच पीत नाहीत, आणि घरी आल्यावर तांब्याभर पाणी पितात, वर चहा. हे उलटं करायला हवं. पाणी दिवसा भरपूर, झोपायच्या आधी दोन तास अगदी कमी, संध्याकाळचा चहा बंद.

सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा अंथरूण भिजवायला लागलं तर गोष्ट वेगळी. आईबाप ऊसतोडीला गेले, मूल वसतिगृहात राहिलं, घरात भांडणं वाढली, तर मनावरच्या ताणानं असं होतं. पण सोबत सारखी तहान, सारखी लघवी आणि वजन घटत असेल, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. लहान मुलांनाही मधुमेह होतो, आणि त्यात उशीर जिवावर बेततो. लघवीला जळजळ, ताप किंवा दिवसाही कपडे ओले होत असतील तर लघवीची तपासणी हवी.

प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवता येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हाही मोफत तपासणी होते. फक्त हे चारचौघांत न बोलता डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगावं.