जिप्सी मोडत नाही म्हणतात…

उन्हाळा तापला की वाघ पाहायला निघालेली मंडळी आधी नागपुरात उतरतात. इथून कुणी ताडोब्याला जातं, कुणी पेंचला, कुणी उमरेड-कऱ्हांडल्याला, तर कुणी बोरला. जंगलं वेगळी आणि गेटंही वेगळी, पण पहाटे गेटवर रांगेत उभी असते ती गाडी सगळीकडे एकच. वरून उघडी, मागची बाकं पायरीपायरीनं उंच होत गेलेली मारुती जिप्सी. सहा पर्यटक, एक गाइड आणि एक चालक असा तिचा ठरलेला संसार.

इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेल्या गाडीभोवती गोष्टी जमणारच. ‘मिल्ट्रीची गाडी आहे भाऊ, हिला काही होत नाही’ इथपासून ‘पंधरा वर्षं झाली, आता भंगारात’ इथपर्यंत. यातल्या काही अर्ध्या खऱ्या आहेत, आणि अर्धं खरं हेच जुनी गाडी घेणाऱ्याला जास्त महागात पडतं.

‘ही मुळात लष्करासाठी बनलेली गाडी’

जिप्सीचं मूळ आहे जपानमध्ये, आणि तेही अगदी साधं. होप मोटर नावाच्या छोट्या कंपनीनं 1960च्या दशकाच्या शेवटी ‘ओएन 360’ नावाची चिमुकली फोर बाय फोर गाडी काढली. ती फारशी खपली नाही. सुझुकीनं तिचे हक्क विकत घेतले आणि 1970 मध्ये ‘एलजे 10’ बाजारात आणली. हीच पहिली जिम्नी. तिचं इंजिन 359 सीसीचं, म्हणजे जवळपास आपल्या जुन्या बुलेटएवढं. जपानमध्ये ठरावीक आकाराच्या आत बसणाऱ्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळते, तशी ती मिळावी म्हणून लांबी आवळली गेली. स्टेपनी आत, मागच्या बाजूला ठेवावी लागली, त्यामुळे बसायला जागा उरली तिघांनाच. गिऱ्हाईक होतं डोंगराळ भागातला शेतकरी, जंगलात काम करणारा, बर्फाळ गावातला दुकानदार. रणगाड्यांच्या मागं धावायचं कुणाच्या मनातही नव्हतं.

त्याच घराण्यातली 1980च्या दशकातली लांब व्हीलबेसची ‘एसजे 410’ गुडगावला येऊन डिसेंबर 1985 मध्ये ‘जिप्सी’ झाली. इंजिन 970 सीसीचं, ताकद 45 अश्वशक्तीच्या आसपास, गिअर चार. मारुती 800 येऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. लष्करात जिप्सी दाखल झाली ती 1991 मध्ये. तोवर लष्कराच्या दिमतीला महिंद्राच्या जीपा होत्या आणि जबलपूरच्या कारखान्यात बनणारी, निस्सान पॅट्रोलच्या आराखड्यावरची जोंगा होती. पुढं लष्करानं 30 हजारांहून जास्त जिप्सी घेतल्या. म्हणजे लष्करानं जिप्सी पसंत केली हे खरं, घडवली मात्र नाही.

तिला पसंती का मिळाली, हे कारण मला लष्करी वलयापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. तिचं वजन एक टनाच्या आसपास आहे. महिंद्राची हल्लीची थार पावणेदोन टनांच्या घरात जाते. चिखलात रुतलेली हलकी गाडी चार माणसं ढकलून बाहेर काढतात, जड गाडीला ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

‘जीप, महिंद्रा, जिप्सी, सगळं एकच’

एकच नाही. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप अमेरिकेची. ती भारतात जुळवायला सुरुवात केली महिंद्रानं, 1947 मध्ये. ही कंपनी 1945 साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावानं सुरू झाली होती. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. इकडं 1948 मध्ये कंपनीच्या नावातला ‘मोहम्मद’ जाऊन दुसरा ‘महिंद्रा’ आला. ‘जीप’ हा ब्रँड अमेरिकेत हात बदलत राहिला आणि आज तो स्टेलँटिस या कंपनीकडे आहे. पुण्याजवळ रांजणगावला 2017 पासून बनणारी कंपास ही त्यांची गाडी. या दोन घरांमधलं जुनं नातं पुढं कोर्टातही गेलं. महिंद्राची ‘रॉक्सर’ आमच्या जीपसारखी दिसते, अशी तक्रार अमेरिकेत झाली आणि 2020 मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं ती मान्य केली. रॉक्सरचं तोंड बदलावं लागलं, मग विक्रीला परवानगी मिळाली.

जिप्सीचा या भांडणाशी काही संबंध नाही. आणि हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचा कारखाना आहे म्हणून ‘थार आपल्या नागपुरात बनते’ असं सांगणारेही भेटतात. हिंगण्यात बनतात ट्रॅक्टर, थार येते नाशिकहून.

‘हिला काही होत नाही’

सगळ्यात पक्का बसलेला समज हाच. खरं तर जिप्सीत बिघडण्यासारखं बरंच काही आहे, आणि ते बिघडतंही.

चारही चाकांवर कमानपाट्यांचं सस्पेन्शन. सफारीत आठ माणसं बसली की पाच-सव्वापाचशे किलो झाले, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त. तेही सकाळ-संध्याकाळ, खड्ड्याखड्ड्यांतून. पाटे बसतात, कधी तुटतात, बुश तर झिजतातच. पुढच्या सलग ॲक्सलच्या टोकाला, चाक वळतं तिथली बेअरिंग ढिली झाली की ठरावीक वेगाला स्टिअरिंग असं थरथरायला लागतं की नवख्याला धडकी भरावी. जंगलातला प्रवास ताशी 20 किलोमीटरच्या आसपासचा, सारा पहिल्या-दुसऱ्या गिअरमधला. वाघ दिसला की थांबा, मागं घ्या, पुन्हा थोडं पुढं. त्यात क्लचप्लेटचा जीव जातो. एप्रिल-मेचं ऊन आणि समोरच्या गाडीनं उडवलेली धूळ यात एअर फिल्टर आणि रेडिएटर यांच्याकडे दुर्लक्ष केलं तर इंजिन तापून बसतं. पत्रा गंजतो. तो दिसतो तरी, चासीचा गंज मात्र चिखलाखाली लपून राहतो.

मग कीर्ती कशावर उभी आहे? दुरुस्तीवर. जिप्सीत लपवाछपवी नाही. बॉनेट उघडलं की जे आहे ते समोर दिसतं, हात आत जातो, साध्या पान्यांनी काम होतं. 1996 मध्ये आलेल्या जिप्सी किंगचं 1.3 लिटरचं इंजिन मारुतीच्या एस्टीम गाडीच्याच घराण्यातलं, त्यामुळे इंजिनाचे सुटे भाग आणि ते ओळखणारे मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडले. 2000 मध्ये कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं, ताकद 80 अश्वशक्तीवर गेली, तरी स्वभाव तोच राहिला. सकाळच्या फेरीत काही मोडलं तर दुपारच्या फेरीआधी गाडी पुन्हा गेटवर उभी करता येते, आणि सफारीवाल्याला एवढंच हवं असतं.

दुसरी गोष्ट माणसांची. जंगलाच्या कडेच्या गावांतल्या अनेक तरुणांचं घर या गाड्यांवर चालतं. गाडी बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद, म्हणून ऑइल वेळेवर बदलतं, ग्रीस भरलं जातं, पाट्यांतली किरकिर ऐकू आली की त्याच संध्याकाळी गाडी जॅकवर चढते. अशी सेवा मिळाली तर बऱ्याच गाड्या पंचवीस वर्षं चालतील. शिवाय गेटवर आपल्याला दिसतात त्या जगलेल्या जिप्सी. ज्यांची चासी गंजून गेली, ज्या सुटे भाग काढून विकल्या गेल्या, त्या रांगेत नसतातच. जगलेल्या पाहून ‘सगळ्याच जगतात’ हा निष्कर्ष आपण काढतो.

हिमालयातल्या रॅलींमध्ये जिप्सीनं नाव कमावलं, ते रास्तच आहे. पण त्या गाड्यांचं सस्पेन्शन, टायर, पिंजरा, सगळंच वेगळं असतं. वर्धा रोडवर विकायला उभ्या असलेल्या गाडीत ते शोधू नये. हमरस्त्यावर तर जिप्सी मला कधीच आवडली नाही. ती गोंगाट करते, उडवते, पेट्रोल पिते आणि ऐंशीच्या पुढं गेलं की ड्रायव्हरला देव आठवायला लावते.

‘फोर बाय फोर आहे, कुठंही जाते’

जिप्सी एरवी मागच्या दोन चाकांवरच चालते. चारही चाकांना ताकद द्यायची तर वेगळी दांडी ओढावी लागते, आणि पुढच्या चाकांचे हब हातानं फिरवायचे असतील तर खाली उतरून ते आधी लॉक करावे लागतात. हब उघडे ठेवून दांडी ओढली तर पुढच्या चाकांपर्यंत ताकद पोचत नाही आणि मालक म्हणतो, ‘फोर बाय फोर खराब आहे.’ उलट कोरड्या डांबरावर चारही चाकं जोडून गाडी हाकली तर वळणावर पुढच्या-मागच्या ॲक्सलची ओढाताण होते, टायर घासतात आणि गिअरपेटीवर ताण येतो.

डिफरन्शिअल साधा असल्यामुळे ज्या चाकाला पकड कमी, तेच गरगर फिरतं. समोरचं एक आणि मागचं तिरपं एक अशी दोन चाकं अधांतरी आली की चारचाकी ताकद असूनही गाडी जागची हलत नाही. त्यात आपली काळी माती. पाऊस पडला की ती फुगते, चिकटते आणि टायरच्या खाचांत भरून टायर गुळगुळीत करून टाकते. वर्ध्याकडच्या कापसाच्या शेतात किंवा भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांधीत ओल्या दिवशी उतरलेल्या गाडीला फोर बाय फोरचा बिल्ला वाचवत नाही. नक्षीदार टायर आणि थोडी कमी केलेली हवा वाचवते. किंवा शेजारच्याचा ट्रॅक्टर.

सफारीत फोर बाय फोरची गरज पर्यटकांना वाटते त्यापेक्षा खूप कमी लागते. ताडोब्याचा गाभा जुलै ते सप्टेंबर बंद असतो, म्हणजे जेव्हा खरा चिखल असतो तेव्हा जिप्सी आतल्या रस्त्यांवर नसतेच. उन्हाळ्यातल्या त्या वाटांवर कामाला येते ती जमिनीपासूनची 210 मिलिमीटरची उंची.

‘दणकट, म्हणून सुरक्षित’

नाही. जिप्सीत एअरबॅग नव्हत्या. सुरुवातीच्या गाड्यांची दोन चाकांतली रुंदी कमी होती, ती 1993 मध्ये वाढवली. उंच आणि अरुंद गाडी जोरात वळवली की कलंडण्याचा धोका असतोच. जाड चासी धक्का शोषत नाही, तो आतल्या माणसांकडे पोचवते. चाचणीत कमावलेली सुरक्षितता पाहायची तर थारकडे बघा. 2020 मध्ये तिला ग्लोबल एनकॅपचे चार तारे मिळाले. जंगलात जिप्सी सुरक्षित वाटते याचं बरंचसं श्रेय त्या 20 किलोमीटरच्या वेगाला आहे.

आणि डिझेल जिप्सी? कंपनीनं भारतात ती कधी विकली नाही. कुणी डिझेल इंजिन बसवलेली दाखवली तर आरसी बुकात इंधन काय लिहिलंय ते वाचा. कंपनीच्या मूळ रचनेच्या विरोधात जाणारे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे.

‘बंद पडली, आता पंधरा वर्षांत भंगार’

सामान्य ग्राहकासाठी जिप्सी 2019 मध्ये थांबली. नवे सुरक्षा नियम आणि एप्रिल 2020 पासूनचं बीएस 6 या दोन्हींत तिला बसवणं परवडणारं नव्हतं. लष्करासाठी मात्र त्यानंतरही काही गाड्या बनल्या. लष्करानं 2017 मध्येच 3,192 टाटा सफारी स्टॉर्मची मागणी नोंदवली होती, म्हणून जिप्सी तिथून लगेच नाहीशी झाली असं नाही. जून 2023 मध्ये आलेली पाच दारांची जिम्नी ही तिची धाकटी बहीण म्हणता येईल. चासी आणि सलग ॲक्सल तसेच आहेत, पण पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्या आणि एअरबॅग सहा झाल्या.

पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या पेट्रोल गाडीवर सरसकट बंदीचा नियम आला तो दिल्ली परिसरासाठी. नागपुरात खासगी जिप्सीची तपासणी होऊन पाच वर्षांसाठी फेरनोंदणी होते. पर्यावरण कर भरावा लागतो, आणि 1 एप्रिल 2022 पासून फेरनोंदणीचं शुल्क 600 वरून 5,000 रुपये झालं. 2025 पासून वीस वर्षांपुढच्या गाड्यांना त्याहून जास्त पडतं. सरकारी गाड्यांचं वेगळं आहे. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांपुढच्या सरकारी गाड्यांची नोंदणी नव्यानं होत नाही, म्हणून सरकारी खात्यांतल्या जुन्या जिप्सी निघाल्या. व्याघ्र प्रकल्प आपल्या गेटवर किती जुनी गाडी चालू देतो, तो नियम आणखी निराळा. सफारीसाठी गाडी घेणाऱ्यानं आधी तो विचारावा.

लष्कराच्या लिलावातली जिप्सी ‘स्वस्तात मस्त’ म्हणून दाखवली जाते. पाहायचं असेल तर सकाळी, थंड इंजिनाला चावी मारून पाहा. मग खाली सतरंजी टाकून झोपा आणि चासीवर, विशेषतः पाटे जिथं टांगलेले असतात तिथं, स्क्रू ड्रायव्हरनं टोकून बघा. टणक आवाज आला तर उठून कागद मागा. लिलावाचं मूळ पत्र, चासी नंबर आणि इंजिन नंबर तिन्ही जुळले तरच पैशाची गोष्ट काढा. रंग नवा असेल तर तो का दिला, हे आधी विचारा.