दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सवलती आणि शिक्षकांचे साहाय्य



शाळेच्या पटावर नाव असणे आणि शाळेचा लाभ मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आपणांस अनुभवाने ठाऊक आहे. दिव्यांग बालकांच्या बाबतीत हा भेद विशेष तीव्रतेने जाणवतो. त्यांच्यासाठी कायदा आहे, अनुदान आहे, भत्ते आहेत, उपकरणे आहेत. परंतु ही सर्व साधने एका ठिकाणी नाहीत. काही रुग्णालयात, काही तहसील कचेरीत, काही पंचायत समितीत, तर काही ग्रामपंचायतीत आहेत. मोलमजुरी करणाऱ्या आईबापांना या साऱ्या दारांची माहिती नसते. आणि एका दारातून रिकाम्या हाती परतावे लागले की दुसऱ्या दाराशी जाण्याचा धीर उरत नाही. अशा कुटुंबाला रोज भेटणारा, अर्ज लिहून देऊ शकणारा आणि विश्वासाचा असा माणूस म्हणजे बहुधा शिक्षकच होय. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत माझ्या वर्गात मागच्या ओळीत बसणारा एक मुलगा होता. हाक मारली तरी तो ओ देत नसे. श्रुतलेखनात त्याची पाटी बहुधा कोरीच राही. फळ्यावरचे मात्र तो सुवाच्य अक्षरात उतरवून घेई. या दोन गोष्टींचा मेळ घालून पाहण्याऐवजी मी सलग दोन वर्षे त्याच्या प्रगतिपत्रकावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारला. पुढे तालुक्याच्या गावी भरलेल्या तपासणी शिबिरात त्याला दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येते असे निष्पन्न झाले. तोवर त्याने शाळा सोडली होती आणि तो गुरांमागे जात होता. त्याला पहिल्या ओळीत बसवावे, एवढेही त्या दोन वर्षांत मला सुचले नव्हते. आपल्यापैकी कोणाकडूनही असे घडू नये, ही इच्छा या लेखामागे आहे.

ओळख आणि प्रमाणपत्र

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या पूर्वीच्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. नव्या कायद्यात ते २१ झाले. अंधत्व, कर्णबधिरत्व, अस्थिव्यंग व बौद्धिक अक्षमता यांबरोबरच स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकलसेल यांचाही त्यांत समावेश आहे. म्हणजे सहज दिसून येणारे व्यंग तेवढेच दिव्यांगत्व, ही आपली जुनी समजूत आता सोडली पाहिजे.

बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. १ जून २०२१ पासून ही प्रमाणपत्रे केवळ केंद्र शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळामार्फतच दिली जातात. त्याच अर्जावरून वैश्विक ओळखपत्र, म्हणजे ज्यास सर्वजण यूडीआयडी कार्ड म्हणतात ते, मिळते. आधार कार्ड, छायाचित्र, पत्त्याचा पुरावा आणि पूर्वी झालेल्या उपचारांचे कागद घेऊन महा ई-सेवा केंद्रातून अथवा शाळेच्या संगणकावरूनही अर्ज भरता येतो. अर्ज भरल्यावर नेमून दिलेल्या रुग्णालयात बालकास प्रत्यक्ष तपासणीसाठी न्यावे लागते. तपासणीचे वार ठरलेले असतात. ते आधी विचारून घ्यावेत, म्हणजे पालकांचा रोजगार व गाडीभाडे फुकट जात नाही.

कार्डाच्या रंगावरून प्रमाण कळते. ४० टक्क्यांहून कमी असल्यास पांढरा, ४० ते ८० टक्क्यांच्या आत निळा नव्हे तर पिवळा, आणि ८० टक्के व त्याहून अधिक असल्यास निळा पट्टा असतो. रुग्णालयाचा निर्णय मान्य नसल्यास ९० दिवसांच्या आत अपील करण्याची तरतूद आहे, हे पालकांस अवश्य सांगावे. लहान मुलांची प्रमाणपत्रे पुष्कळदा ठरावीक मुदतीची असतात. ही मुदत शाळेच्या नोंदवहीत लिहून ठेवावी आणि ती संपण्यापूर्वी पालकांस आठवण करून द्यावी.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्रमाणपत्र हे सवलतीसाठी आहे, शिकविण्यासाठी नव्हे. ते हाती नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वर्गातील साहाय्यही थांबविता येत नाही.

साहाय्य कोठे मिळते

पंचायत समिती : समग्र शिक्षा योजनेखाली गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे काम चालते. तेथील विशेष शिक्षक शाळेस व गरजेनुसार घरीही भेट देतात. पात्र विद्यार्थ्यांस प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, तसेच दिव्यांग विद्यार्थिनींस प्रोत्साहन भत्ता यांची सोय आहे. यांसाठी मुख्याध्यापकांनी यूडायस प्रणालीत विद्यार्थ्याच्या दिव्यांगत्वाची नोंद बिनचूक करणे हे पहिले काम होय. ज्याची नोंद नाही त्याचे नाव यादीत येणार नाही. श्रवणयंत्र, कॅलिपर, चाकाची खुर्ची इत्यादी साधनांची मोजमाप शिबिरेही येथूनच कळतात.

तहसील कार्यालय : संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. ६५ वर्षांखालील निराधार व दिव्यांग व्यक्तींस तीतून दरमहा अर्थसाहाय्य मिळते. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, रहिवासाचा पुरावा, वयाचा पुरावा आणि उत्पन्नाचा दाखला ही या अर्जाची मुख्य कागदपत्रे होत. लाभ सुरू झाल्यावर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो न दिल्याने अनुदान बंद पडलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

ग्रामपंचायत : स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची असते. लहान गावात ही रक्कम थोडी असेल. परंतु मागणीच नसेल तर तीही योग्य ठिकाणी पोचत नाही. पालकांनी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि ग्रामसभेत विषय मांडावा. जिल्हा परिषदेच्या सेस फंडातूनही अशाच योजना घेतल्या जातात; त्यांची माहिती समाजकल्याण विभागात मिळते. पहिली ते दहावीच्या दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचीही तेथेच चौकशी करावी.

याखेरीज राज्य परिवहन महामंडळाच्या गाडीत दिव्यांग प्रवाशास भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना असून तीत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत उपचारखर्चाची तरतूद आहे.

अर्ज अडतात कोठे

माझ्या पाहण्यात जे अर्ज अडले, त्यांतील बहुतेक पात्रतेअभावी नव्हे, तर कागदांच्या विसंगतीमुळे अडले. शाळेच्या दाखल्यावर ‘गणेश’, आधार कार्डावर ‘गणेशराव’ आणि बँकेच्या पुस्तकात आणखी तिसरेच नाव! जन्मतारखेचेही तसेच. यांतील एक कागद आपल्या हातचा आहे. म्हणून प्रवेशाच्या वेळीच नाव व तारीख ताडून पाहावी. दुसरी अडचण बँक खात्याची. अनुदान थेट खात्यात जमा होते. खाते आधारशी जोडलेले नसेल, तर मंजूर झालेला पैसाही हाती येत नाही. तिसरी अडचण, अर्जाची पोच न घेणे. पोच नसली की पुढील चौकशीला आधार राहत नाही.

शाळेने करावयाच्या गोष्टी

प्रत्येक शाळेने एक लहानशी वही ठेवावी. तीत प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यासाठी एक पान असावे व त्यावर पुढील नोंदी असाव्यात : संशय कधी आला, तपासणी कधी झाली, प्रमाणपत्राची मुदत, कोणत्या कार्यालयात कोणता अर्ज कोणत्या तारखेस दिला, आणि त्याचे पुढे काय झाले. शिक्षक बदलून गेले तरी ही वही शाळेत राहील. नव्या शिक्षकास प्रारंभापासून विचारपूस करावी लागणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेतही हा विषय ठेवावा. मात्र मुलाचे दुखणे चारचौघांत बोलण्याचा विषय नव्हे. पालकांशी स्वतंत्रपणे व आदराने बोलावे. पुष्कळ आयांना आपल्या लेकरावर शिक्का बसेल अशी भीती वाटते. ती भीती दूर झाल्याखेरीज त्या अर्जावर अंगठा करणार नाहीत.

६ ते १८ वर्षांपर्यंत, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या बालकास जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे. हक्क कायद्याने मिळतो. तो बालकाच्या हाती मात्र कोणाला तरी पोचवावा लागतो.

येत्या पंधरवड्यात आपल्या वर्गातील मागच्या ओळीकडे एकवार नीट पाहावे, ही विनंती. हाक मारल्यावर कोण वळत नाही, फळ्यावरचे कोणास दिसत नाही, कोण वारंवार पडतो, हे टिपून ठेवावे आणि गट साधन केंद्रास कळवावे. शेरा लिहिण्यापूर्वी तपासणी, एवढा नेम आपण सर्वांनी पाळला तरी पुष्कळ मुलांची वर्षे वाचतील.