अडथळ्यांची दीर्घ शर्यत : सराव, आहार आणि विश्रांती

वार्षिक क्रीडास्पर्धांतील अडथळ्यांची शर्यत आमच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. बाकाखालून सरपटावयाचे, गोणपाटातून पार व्हावयाचे, दोरीवरून उडी घ्यावयाची, की दोन मिनिटांत शर्यत संपली! पाश्चात्त्य देशांत मात्र या खेळाने फार मोठे रूप धारण केले आहे. इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टन शहराजवळ १९८७ साली ‘टफ गाय’ ही शर्यत ऐन हिवाळ्यात सुरू झाली. अमेरिकेत २०१० साली निघालेल्या ‘स्पार्टन’ शर्यतीच्या एका प्रकारात एकवीस किलोमीटरांच्या वाटेवर सुमारे तीस अडथळे असतात. उंच भिंती ओलांडणे, दोर चढणे, वाळूची पोती वाहणे आणि चिखलातून सरपटणे हे त्यांतील काही होत.

गेल्या वर्षी आमच्या नववीतील एका विद्यार्थ्याने या शर्यतींविषयी वाचून शालेय स्पर्धेची तयारी आरंभिली. तीन आठवडे तो एकही दिवस न चुकता सकाळ-संध्याकाळ धावला. स्पर्धेच्या आदल्या दिवशीही धावला. अंग हलके राहावे म्हणून स्पर्धेच्या सकाळी तो उपाशीपोटी आला आणि अर्ध्या वाटेवर भोवळ येऊन पडला. सुदैवाने तो लवकरच सावरला. त्याच्या जिद्दीचे आम्ही वर्गात कौतुक केले होते. त्याला अडविले मात्र नव्हते. चूक त्याच्यापेक्षा आमची अधिक होती. या लेखाचे प्रयोजन तेच होय.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्यायाम चालू असताना शरीर बळकट होत नसते. ते थकत असते. स्नायूंतील तंतूंना सूक्ष्म इजा होते, साठविलेली शर्करा खर्च होते. पुढे अन्न व झोप मिळाली म्हणजे शरीर ती हानी भरून काढते आणि पूर्वीपेक्षा थोडे अधिक समर्थ होते. विश्रांती वगळली तर हानी तेवढी उरते.

सरावासाठी आठवड्यातून तीन-चार दिवस धावणे पुरेसे आहे. त्यांतील बहुतेक धावणे सोबत्याशी बोलता येईल इतक्या संथ गतीने करावे. एखादा दिवस चढावर धावावे. उरलेल्या एक-दोन दिवसांत आडव्या दांडीला लोंबकळणे, ओझे वाहणे व दोर चढणे यांचा सराव करावा. घट्ट मुठीमुळे हाताच्या स्नायूंतील रक्तप्रवाह रोखला जातो व पकड लवकर सुटते. माडावर चढणारा पाडेली पाहा : तो आपला भार पायांवर तोलतो, हात केवळ आधारास ठेवतो. दोर चढण्याचेही मर्म तेच. सराव हळूहळू वाढवावा, कारण स्नायूंच्या मानाने अस्थिबंध व कंडरा सावकाश बळकट होतात. अखेरच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा.

आता आहाराकडे वळू. जोराच्या धावण्यात मुख्य इंधन म्हणजे स्नायूंत व यकृतात साठलेली शर्करा. हा साठा साधारणपणे दीड ते दोन तास पुरतो. म्हणून शर्यतीपूर्वी दोन-तीन तास भात, भाकरी, पोहे असे पिष्टमय अन्न घ्यावे. शर्यत तासाहून लांब असेल तर दर तासाला तीस ते साठ ग्रॅम शर्करा पोटात जावी. एक-दोन केळ्यांत ती मिळते. गोव्यातील शेतकरी सकाळी दहाच्या सुमारास मीठ घातलेली पेज लोणच्याबरोबर घेतो. घामावाटे गेलेले पाणी, मीठ व शक्ती ही तिन्ही त्या एका वाडग्यात परत मिळतात! मात्र तहान नसताना पाणी पीतच राहणे घातक असते. त्यामुळे रक्तातील सोडियमचे प्रमाण घटून जिवावर बेतू शकते.

शर्यत संपल्यावर पिष्टमय अन्नाच्या जोडीला दूध, अंडी, मासळी, मूग किंवा चवळी अशी प्रथिने घ्यावीत. शर्करेचा साठा पुन्हा भरण्यास सुमारे एक दिवस लागतो. अंगदुखी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते; उतारावरून धावल्यास ती विशेष जाणवते. तेव्हा हलके चालावे, पण जोराचा सराव करू नये. असह्य स्नायुदुखीबरोबर लघवी काळ्या चहासारखी झाल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावे. सर्वांत मोठे औषध झोप होय. तुमच्या वयात रोज आठ ते दहा तासांची झोप आवश्यक असते.

तो विद्यार्थी यंदा पुन्हा शर्यतीत उतरणार आहे. सरावाची वही त्याने परवा आम्हांस दाखविली. आठवड्यातील दोन वारांपुढे त्याने ‘विश्रांती’ असे लिहिले होते. त्या शब्दाखाली आम्ही आनंदाने सही केली.