‘आमच्याबद्दल’ या पानावर नेमकं काय लिहायचं?



वेबसाइट बनवताना सगळ्यात शेवटी, घाईघाईत भरलं जाणारं पान म्हणजे ‘आमच्याबद्दल’, म्हणजेच अबाउट पेज. मीही तेच केलं होतं. पवनारला माझं हळद-मसाल्यांचं दुकान आहे. बीबीए झालेलं, त्यामुळे वाटायचं आपल्याला सगळं येतं. दुसऱ्या एका साइटवरचा मजकूर उचलला, दुकानाचं नाव बदललं आणि टाकून दिला. ‘ग्राहकांना सर्वोत्तम दर्जाची उत्पादने देण्यास आम्ही कटिबद्ध आहोत.’ वर माझ्या मनाची एक ओळ: ‘अस्सल वायगाव हळद.’

महिन्याभरात पुण्याहून एका ताईंचा फोन आला. लग्नघर होतं, पाच किलो हळद हवी होती. त्यांनी एकच विचारलं, “वायगावच्या कोणत्या शेतकऱ्याकडून घेता?” मी गप्प. हळद मी ठोक व्यापाऱ्याकडून घेत होते, ती वायगावची होती की नाही हे मलाच माहीत नव्हतं. ताई म्हणाल्या, “मग लिहिलंत कशाला?” ऑर्डर गेली, पण तो प्रश्न अजून डोक्यात आहे.

ग्राहक हे पान का उघडतो?

वस्तू त्याला आवडलेली असते. पैसे पाठवायच्या आधी समोर कोण आहे, एवढं त्याला बघायचं असतं. दुकानात तो तुमचा चेहरा बघतो, डबा उघडून वास घेतो, चार शब्द बोलतो. वेबसाइटवर ते काम या पानाला करावं लागतं.

लिज्जत पापडचं उदाहरण घ्या. १५ मार्च १९५९ ला मुंबईच्या गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. ही गोष्ट लोक आजही एकमेकांना सांगतात. यात ‘सर्वोत्तम’ हा शब्द कुठंच नाही. तारीख आहे, जागा आहे, माणसं आहेत, आकडा आहे. म्हणून ती लक्षात राहते आणि पटते.

हे पाच मुद्दे लिहा

१. तुम्ही कोण, कुठले: स्वतःचं नाव, गाव आणि दुकानात काढलेला साधा फोटो. इंटरनेटवरून उचललेले हसरे चेहरे नकोत.

२. सुरुवात कशी झाली: तीन-चार वाक्यं पुरे. वर्ष लिहा. दोनच वर्षं झाली असतील तर दोनच लिहा.

३. माल कुठून येतो, कसा बनतो: ग्राहक हेच शोधत असतो.

४. पुरावा: एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, उद्यम नोंदणी, जीएसटी. जे आहे तेच द्या.

५. पुढे काय करायचं: फोन, व्हॉट्सअॅप, पत्ता, दुकानाची वेळ. पान वाचून झाल्यावर ग्राहकाला नंबर शोधत बसावं लागू नये.

हे मात्र टाळा

वायगाव हळदीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या वर्धा जिल्ह्याचा हा अभिमान आहे, पण जिल्ह्यात दुकान आहे म्हणून ते नाव आपोआप आपलं होत नाही. जीआय वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ‘सेंद्रिय’ लिहायचं तर प्रमाणपत्र हवं. आणि ‘आमच्या हळदीने अमुक आजार बरा होतो’ असं तर लिहूच नका. खाद्यपदार्थ विकताना रोग बरा करण्याचा दावा कायद्याला चालत नाही.

आता माझं पान असं आहे

‘मी पवनारला राहते. घरच्या जात्यावर दळलेल्या हळदीपासून सुरुवात केली. आता हळद समुद्रपूर तालुक्यातल्या दोन शेतकऱ्यांकडून थेट घेते आणि गिरणीवर समोर उभी राहून दळून आणते. मिरची आणि धणे बाजारातून घेते, निवडून, वाळवून मगच दळते. माल पटला नाही तर फोन करा, मी स्वतःच उचलते.’

बघा, मिरची बाजारातली आहे हेही लिहिलंय. लिहिताना भीती वाटली होती. पण त्यावरून कुणी ऑर्डर रद्द केली नाही. उलट फोनवर आता लोक हळदीबद्दल शंका घेत नाहीत, थेट किती किलो ते सांगतात.

आजचा गृहपाठ

वही घ्या. नवीन गिऱ्हाईक दुकानात आलं की काय विचारतं, ते पाच प्रश्न लिहा. प्रत्येकाचं उत्तर तोंडाने बोलता तसंच दोन वाक्यांत लिहा. मग घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. जिथे वाचताना तुमचीच जीभ अडखळेल, तिथे एक तर शब्द जड आहे, नाहीतर गोष्ट खरी नाही. ती ओळ काढा. उरेल ते तुमचं ‘आमच्याबद्दल’.