लिंगभावाचा अभ्यास : भीती कशाची आणि विचार कशाचा?

काही दिवसांपूर्वी एक दांपत्य आमच्या भेटीस आले. मुलगी नुकतीच पदवीधर झालेली. तिला पुण्यास जाऊन स्त्री-अभ्यास या विषयात एम.ए. करावयाचे आहे. अभ्यासक्रमात ‘लिंगभाव’ आणि ‘लैंगिकता’ हे शब्द वाचून आई धास्तावली होती. ‘‘फादर, पोर तिथे जाऊन श्रद्धा गमावून तर बसणार नाही ना?’’ असे तिने विचारले. वडील सगळा वेळ गप्पच होते. हा प्रश्न आज अनेक घरांत आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. लिंग म्हणजे शरीराचे स्त्री किंवा पुरुष असणे. लिंगभाव म्हणजे त्या शरीराकडून समाज जे अपेक्षितो ते : मुलीने वाकून चालावे, मुलाने रडू नये. पहाटेच्या गाडीने भाजी व फुले घेऊन मुंबईच्या बाजारात जाणारी आपली आजी घरातील निम्मा पैसा मिळवीत असे, पण पुष्कळ घरांत सातबाऱ्यावर तिचे नाव नसे. हा निसर्गाचा नियम नव्हे, माणसांनी घातलेली रीत आहे. लैंगिकता या शब्दात आकर्षण, संबंध आणि त्यांविषयीचे समाजाचे नियम हे सारे येते. मराठीत तिन्ही शब्द एकाच मुळापासून निघाल्यामुळे ऐकणारा गोंधळतो आणि तिन्हींचा अर्थ एकच समजून बसतो. खुर्ची ‘ती’ आणि टेबल ‘ते’ असे आपण म्हणतो, पण खुर्चीत स्त्रीत्व कोणी शोधीत नाही!

हा विषय आपल्याकडे परदेशातून आयात झाला, असा समज आहे. तो अपुरा आहे. भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीचा अहवाल १९७४ साली आला. दर हजार पुरुषांमागे १९०१ साली ९७२ स्त्रिया होत्या, त्या १९७१ साली ९३० उरल्या, हे त्यातून देशासमोर आले. त्याच वर्षी मुंबईच्या एस.एन.डी.टी. विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचे संशोधन सुरू झाले. पुणे विद्यापीठातील केंद्र १९८७ सालचे; ते आज सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखले जाते. तेथे शिकणाऱ्यांना आपल्याच मातीतील लेखन भेटते : बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची १८८२ सालची ‘स्त्री-पुरुष तुलना’, तसेच पंडिता रमाबाई, ज्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले आणि केडगाव येथे निराधार स्त्रियांना आश्रय दिला. र. धों. कर्वेही भेटतात. संततिनियमनाच्या प्रचारामुळे त्यांना मुंबईतील एका मिशनरी महाविद्यालयातील प्राध्यापकी सोडावी लागली. त्यांची मते ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी जुळत नाहीत. तरी ते वाचल्याविना महाराष्ट्राचे विसावे शतक समजणार नाही, असे आम्हांस वाटते.

आता ख्रिस्तसभेची भूमिका. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ साली जगातील स्त्रियांना लिहिलेल्या पत्रात, स्त्रियांवरील अन्यायात ख्रिस्तसभेच्या सदस्यांचा वाटा असल्याबद्दल खेद व्यक्त केला होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या प्रबोधनपत्रात म्हटले की, शारीरिक लिंग आणि त्याची सामाजिक भूमिका यांत फरक करता येतो, मात्र ती एकमेकांपासून तोडता येत नाहीत. व्हॅटिकनच्या शिक्षणविषयक विभागाने २०१९ साली काढलेल्या दस्तऐवजात लिंगभावविषयक संशोधन आणि विचारप्रणाली यांत भेद केला आहे. ऐकणे, विचार करणे आणि मग आपली बाजू मांडणे हा क्रम तेथे सांगितला आहे. आपण बहुधा शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो. २०२४ सालच्या ‘दिग्नितास इन्फिनिता’मध्ये लिंगभावविषयक सिद्धांतावर कठोर टीका आहे; त्याच दस्तऐवजात लैंगिक कलामुळे कोणाला तुरुंगात टाकणे वा छळणे हे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे, असेही स्पष्ट म्हटले आहे. आपल्या सभांत पहिला भाग सांगितला जातो, दुसरा गाळला जातो.

मतभेद नाहीतच, असे आम्ही त्या मातेला सांगितले नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रात मोठी चळवळ झाली आणि देशातील त्याविषयीचा पहिला कायदा १९८८ साली आपल्या राज्यात आला. त्या चळवळीत स्त्री-संघटना पुढे होत्या. मुलीचा गर्भ मारू नये, हे आपले आणि त्यांचे एकच म्हणणे. परंतु गर्भपाताचा हक्क स्त्रीला असावा असे त्यांपैकी बहुतेकांना वाटते, आणि तेथे आपली वाट वेगळी होते. लग्न, शरीर, स्त्री-पुरुष भेद यांविषयीही वर्गात असे प्रसंग येतील. त्या वेळी मुलीने घरी फोन करून मोकळेपणी बोलावे आणि आईवडिलांनी तो फोन न रागावता ऐकावा, एवढीच विनंती आम्ही केली. वडील तेव्हा प्रथमच बोलले, ‘‘फादर, आम्हांला त्यातले काही कळत नाही, ऐकून तरी काय करणार?’’ त्यांना आम्ही म्हटले, कळत नसेल तर तिलाच समजावून सांगावयास सांगा.

नंतर मुलगी एकटी भेटावयास आली. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१० साली लिंगभावविषयक धोरण प्रसिद्ध केले आहे. त्याची प्रत आम्ही तिला वाचावयास दिली. आठवड्याने ती परत आली आणि तिने विचारले, ‘‘फादर, हे धोरण आपल्या धर्मग्रामात कधी वाचून दाखवले होते का?’’ आम्ही नाही म्हणालो. पॅरिश कौन्सिलच्या पुढील सभेच्या विषयपत्रिकेत त्याचे वाचन घातले आहे.