गरोदरपणातला रक्तदाब: डोकेदुखी अंगावर काढू नका

पोलादपूर तालुक्यातील कुडपण हे सह्याद्रीच्या डोंगरातले गाव. अशा गावातून मोठे रुग्णालय गाठायला वेळ लागतो. म्हणूनच गरोदरपणात वाढलेला रक्तदाब वेळीच लक्षात येणे गरजेचे असते.

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब पुन्हा मोजूनही १४०/९० किंवा जास्त भरला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली किंवा इतर अवयवांवर परिणाम दिसला, तर त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. सुरुवातीला बहुधा काहीच त्रास जाणवत नाही. पुढे यकृत आणि मूत्रपिंडे बिघडू शकतात, बाळाची वाढ खुंटू शकते, वार वेळेआधी सुटू शकते. झटके आले, तर तो एक्लॅम्प्सिया. त्यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो.

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली दुखणे किंवा चेहऱ्यावर अचानक सूज आली, तर सकाळची वाट न पाहता १०८ वर फोन करावा. झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस जवळच्या आरोग्य केंद्रात देऊन मग रुग्णालयात पाठवता येते.

बाळंतपणानंतरही काही आठवडे हा धोका राहतो. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. ती चुकवू नये.