बॅटरीवर आळ घेण्याआधी
जुन्या पिकअपमधील विजेचा दोष कसा शोधावा?



शेतकी खात्याचा माणूस आज गाडीच्या वायरिंगवर का बोलतो आहे, असं तुम्हाला वाटेल. पण माल पिकवणे हे अर्धेच काम. तो वेळेवर बाजारात पोचवणे हे उरलेले अर्धे. तोडलेली मेथी-कोथिंबीर आणि क्रेटमध्ये भरलेले टोमॅटो गाडीची वाट पाहत बसत नाहीत.

आमच्या कामाच्या भागात एका टोमॅटो बागायतदाराची पंधरा-सोळा वर्षांची पिकअप आहे. एके दिवशी पहाटे पंचेचाळीस क्रेट भरले आणि किल्ली फिरवली. नुसता 'टक्' आवाज! भरलेली गाडी चिखलात ढकलताही येईना. माल पोचला तेव्हा चढा भाव निघून गेला होता. त्याच दिवशी त्यांनी नवी बॅटरी घेतली. आठ दिवस गाडी बरी चालली आणि पुन्हा तेच. मग सेल्फ उघडून घेतला, पैसे गेले, दोष तसाच. खरं सांगतो, मलाही आधी बॅटरीच वाटली होती. शेवटी एका जुन्या वायरमनने एक जाड वायर घेतली आणि बॅटरीचे उणे टोक थेट इंजिनच्या लोखंडाला जोडले. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू! क्लच-प्लेटच्या कामाला गिअरबॉक्स उतरवला होता, तेव्हा इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी सोडली होती. ती परत नीट आवळलीच गेली नव्हती. नव्या बॅटरीचा आणि सेल्फचा खर्च फुकट गेला. कारण होता एक ढिला बोल्ट.

यावरून घ्यायचा धडा एवढाच: जुन्या गाडीत अंदाजाने भाग बदलू नयेत. आधी तपासावे, मग बदलावे. ही तपासणी कशी करायची ते आता क्रमाने पाहू.

वीज जाते आणि परतही येते

पाइपलाइनमध्ये एका सांध्यात गाळ अडकला तर विहिरीत पाणी असूनही शेवटच्या वाफ्याला ते पोचत नाही. गाडीतही तसेच आहे. फरक एवढाच की विजेला परतीची वाटही लागते. बॅटरीच्या अधिक टोकातून वीज वायरीने बल्बकडे किंवा सेल्फकडे जाते, आणि चासी, बॉडी व इंजिनच्या लोखंडातून उणे टोकाकडे परत येते. या परतीच्या वाटेलाच आपण अर्थिंग म्हणतो. जाणारी वायर सर्वांना दिसते. परतीची वाट मात्र रंगाखाली, गंजाखाली, चिखलाखाली झाकलेली असते. म्हणून जुन्या गाडीतले पुष्कळसे दोष तिथेच लपतात.

परतीची वाट बंद झाली की वीज भलतीच वाट शोधते. वर सांगितलेल्या गाडीत ती ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जात होती. केबलचे वेष्टण वितळू लागले होते. ती खूण आम्हा कोणालाच वाचता आली नाही.

कोणते सामान लागेल?

१. साधा मल्टीमीटर. तो डी.सी. २० व्होल्टवर ठेवावा.
२. दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा ५ वॅटचा बल्ब, आणि तसाच एक इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब.
३. १०, १२ व १३ नंबरचे पाने, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, खाण्याचा सोडा, व्हॅसलीन.
४. जंपरची जाड वायर.

आधी खबरदारी

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. अधिक टोकाला लागलेला पाना आणि बॉडी यांच्यामध्ये अंगठी सापडली तर ती क्षणात लालभडक होते. बॅटरी सोडताना उणे टोक आधी काढावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. चार्ज होताना बॅटरीतून पेटणारा वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. ॲसिड अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर धूत राहावे आणि डॉक्टरांकडे जावे. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नये. त्याने अल्टरनेटर जळू शकतो.

पायरी पहिली : बॅटरी

गाडी रात्रभर उभी असताना सकाळी, किल्ली न लावता मीटरची टोके बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावावीत. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकामी म्हणजे खराब असे मात्र नव्हे. उपाशी बैल आणि आजारी बैल यांत फरक असतो. ती आधी बाहेरून पूर्ण चार्ज करून घ्यावी आणि मग पारखावी.

आता दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगून मीटर पाहावा. सेल्फ फिरत असताना आकडा साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. भरलेली बॅटरी लगेच त्याखाली कोसळत असेल तर बॅटरी थकली असे समजावे.

बुचांची बॅटरी असेल तर पाणी पट्ट्यांच्या वर साधारण अर्धा इंच असावे. कमी असल्यास डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालू नये. त्यातल्या क्षारांनी बॅटरीचे आयुष्य कमी होते.

पायरी दुसरी : सांधे आणि अर्थिंग

टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी दिसते ती बुरशी नव्हे, तो क्षार. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने धुवावा. सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. वायर काढून टर्मिनल पॉलिश पेपरने आतून चकचकीत करावे, घट्ट आवळावे आणि वरून व्हॅसलीन लावावे. आधी व्हॅसलीन आणि मग आवळणे, असे करू नये.

त्यानंतर उणे वायर चासीला जिथे जोडली आहे तो बोल्ट पाहावा. मग इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चासीला गेलेली वेणीसारखी पट्टी शोधावी. तिची दोन्ही टोके सोडून खालचा रंग व गंज खरवडून काढावा आणि परत आवळावी. वेणीचे निम्मे तार तुटले असतील तर पट्टी नवी टाकावी.

मीटर असेल तर याची खात्री करता येते. एक टोक बॅटरीच्या उणे खुंटीवर, दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरावे. इंजिन बंद करण्याची दोरी असलेल्या गाडीत ती ओढून धरावी, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. कोणाला तरी पाच सेकंद सेल्फ मारायला सांगावे. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत राहिला तर परतीची वाट चांगली. एक-दोन व्होल्ट दाखवला तर तेवढा दाब वाटेतच मरतो आहे. हीच तपासणी अधिक खुंटी आणि सेल्फचा जाड बोल्ट यांमध्ये करावी. तिथे अर्धा व्होल्ट ही मर्यादा धरावी.

मीटर नसेल तर सेल्फ मारल्यावर लगेच एकेका सांध्याला हात लावून बघा. जो सांधा गरम लागतो, तोच चोर. किंवा त्या वायरमनसारखे बॅटरीचे उणे टोक जंपरने थेट इंजिनला जोडून पाहावे. गाडी उचलली तर दोष अर्थिंगचा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे.

मागच्या दिव्यांनाही हेच लागू आहे. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद पेटतो, किंवा एक दिवा लावला की दुसरा मिणमिणतो, असे झाले तर त्या दिव्याच्या होल्डरची अर्थिंग आधी साफ करावी. बहुतेक वेळा काम तिथेच मिटते.

पायरी तिसरी : चार्जिंग

इंजिन सुरू करून थोडी रेस द्यावी आणि बॅटरीच्या टोकांवर मीटर लावावा. १३.८ ते १४.५ व्होल्ट आले तर चार्जिंग ठीक. आकडा आधीइतकाच राहिला तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला. अशाने बॅटरीचे पाणी उकळून आटते आणि बल्ब वारंवार उडतात.

चार्जिंग होत नसेल तर आधी पट्टा पाहावा. अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण अर्धा इंच दबावा. मग अल्टरनेटरमागच्या वायरी पाहाव्यात. किल्ली लावल्यावर डॅशबोर्डवर बॅटरीची लाल खूण पेटते का तेही पाहा. पुष्कळ जुन्या गाड्यांत तो चिमुकला बल्ब उडाला तर अल्टरनेटर चार्जिंगच सुरू करत नाही. एवढे करूनही आकडा चढला नाही तरच अल्टरनेटर कारागिराकडे न्यावा.

पायरी चौथी : रात्रीत बॅटरी उतरते

संध्याकाळी गाडी चांगली, दोन दिवस उभी राहिली की मेलेली. अशा वेळी कुठेतरी गळती असते. गळती अर्ध्या अँपिअरची असली तरी चोवीस तासांत १२ अँपिअर-अवर जातात. ६० अँपिअर-अवरच्या बॅटरीचा पाचवा हिस्सा रोज गेला! दोन-तीन दिवसांत सेल्फ फिरणार नाही.

किल्ली काढावी, सगळे दिवे बंद करावेत, दार उघडल्यावर लागणारा केबिनचा दिवाही बंद करावा. बॅटरीची उणे वायर सोडावी. उणे खुंटी आणि सोडलेली वायर यांच्यामध्ये ५ वॅटचा बल्ब लावावा. बल्ब पेटला तर गळती आहे. आता फ्यूज एकेक करून काढावा आणि बल्ब पाहावा. ज्या फ्यूजला बल्ब विझतो, त्या लाइनीत दोष. सगळे फ्यूज काढूनही बल्ब पेटलेलाच राहिला, तर फ्यूजमधून न जाणाऱ्या वायरी पाहाव्यात. अल्टरनेटरची जाड वायर सोडून बघा. तेव्हा विझला तर अल्टरनेटरच्या आतला डायोड गळतो आहे.

बल्ब पेटला नाही तरी बारीक गळती असू शकते. ती मीटरच्या १० अँपिअरच्या खाचेत वायर लावून, बल्बच्या जागी मीटर ठेवून मोजावी. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चिंता नको. मीटर असा लावलेला असताना मात्र सेल्फ मारू नये, मीटर जळेल.

अनुभव असा, की गळती बहुधा मागाहून जोडलेल्या वस्तूत सापडते. टेप, जादा हॉर्न, मागचा फोकस. नुसती वायर पिळून, वर पिशवीचा तुकडा गुंडाळून केलेला सांधा पहिल्या पावसातच दगा देतो.

पायरी पाचवी : फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो

फ्यूज हा बांधावरचा राखणदार आहे. तो उडाला तर गुन्हेगार दुसरीकडे आहे. त्याच्या जागी तार, खिळा किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी कधीही लावू नये. मग फ्यूजऐवजी वायर तापते, वायरीचे वेष्टण पेटते, आणि हौद्यात माल व केबिनमध्ये माणसे असतात. प्लास्टिकच्या चपट्या फ्यूजमध्ये लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा असतो. जेवढ्याचा असेल तेवढ्याचाच लावावा.

दोष शोधताना त्या लाइनीवरचे बल्ब काढून ठेवावेत आणि फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडावा. तो पूर्ण उजेडाने पेटला म्हणजे वायर कुठेतरी लोखंडाला टेकली आहे. आता वायरीचा जुडगा हाताने हलवत मागे मागे जावे. जिथे हलवल्यावर बल्ब विझतो, तिथेच ती घासली आहे. वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथला रबर, हौद्याच्या बोल्टजवळची जागा आणि सायलेन्सरची बाजू आधी पाहावी. धान्य-कांद्याच्या गोण्या वाहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायरही सापडते.

हे मात्र स्वतः करू नये

अल्टरनेटर व सेल्फची आतली दुरुस्ती कारागिरावर सोपवावी. ज्या गाडीच्या इंजिनावर संगणकी डबा आहे, तिच्या सेन्सरच्या वायरींना बल्ब लावून तपासू नये. तो डबा महाग असतो. तिथेही टर्मिनल, अर्थिंग आणि चार्जिंगचा आकडा एवढे तपासायला हरकत नाही.

लक्षात ठेवा

• भाग बदलण्याआधी आकडा पाहा.
• जाणारी वाट पाहाल तशी परतीचीही पाहा.
• सोडलेला प्रत्येक बोल्ट परत आवळला का, ते गाडी गॅरेजमधून नेण्याआधी विचारा.
• फ्यूजच्या जागी तार नाही म्हणजे नाही.
• सापडलेला दोष आणि तारीख वहीत लिहून ठेवा.

हंगाम सुरू होण्याआधी एक मोकळी सकाळ काढा आणि घरच्या मुला-मुलींना सोबत घेऊन ही तपासणी करा. एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने मीटर पाहायचा. पिकावर रोग पडला की आपण पान उलटून पाहतो, मगच औषध आणतो. गाडीच्या बाबतीतही तेच करू या.

तुमच्या गाडीत असा एखादा दोष सापडला असेल तर कार्यक्रमाला पत्राने जरूर कळवा. रामराम.